बेळगाव जिल्ह्यातल्या १८ आमदारांनी कुठल्या विधेयकावर काय मत दिलं, हा डेटा एपीआयने मिळतो का?

शहापूर_कोडवाला (प्रश्न)

बेळगाव जिल्ह्यापुरतं एक साधं वेबपान करायचं आहे, मराठीत. मतदारसंघ निवडला की तिथल्या आमदाराने कुठल्या विधेयकावर होय म्हटलं, कुठल्यावर नाही, कधी गैरहजर होता, हे दिसलं पाहिजे. विधानसभेचे १८ मतदारसंघ, निपाणी ते रामदुर्ग. शिवाय लोकसभेचे तीन: चिकोडी, बेळगाव आणि खानापूर-कित्तूरवाल्यांसाठी उत्तर कन्नड.

पायथन आणि पोस्टग्रेस येतं, छोटा सर्व्हर आहे. टेबल असं ठरवलंय: सदस्य, विधेयक, मत (होय / नाही / गैरहजर).

अडलंय ते इथे. कर्नाटक विधानसभेच्या मतदानाचा एपीआय (डेटा थेट कोडला देणारी सोय) किंवा सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) कुठे आहे? कार्यवाहीच्या पीडीएफमधला कन्नड मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, त्याचं काय करायचं? आणि हा सगळा डेटा स्वतःच्या साइटवर टाकला तर कॉपीराइटची भानगड होईल का?

---

सांबरा_रनवे

एपीआय नाही. सीएसव्ही पण नाही. पण खरी अडचण त्याच्या अलीकडची आहे: बहुतेक विधेयकांवर नावनिहाय मत नोंदलंच जात नाही. जे लिहूनच ठेवलेलं नाही ते कुठला एपीआय देणार?

विधेयक मताला टाकलं की अध्यक्ष होयवाल्यांना होय म्हणायला सांगतात, नाहीवाल्यांना नाही, आणि आवाज ऐकून निकाल देतात. हे आवाजी मतदान. कार्यवाहीत एवढंच उरतं की प्रस्ताव संमत झाला. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण कँटीनमध्ये होतं, काही नाही. आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधलं (विधिमंडळाच्या इथल्या इमारतीतलं) उदाहरण घे. धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने २३ डिसेंबर २०२१ ला तिथे संमत केलं, गदारोळात, आवाजी मतदानाने. एवढं गाजलेलं विधेयक, पण तुझ्या टेबलात त्याची एकही ओळ भरता येणार नाही.

विश्वासदर्शक ठरावाला शिरगणती होते. २३ जुलै २०१९ ला कुमारस्वामी सरकार पडलं तेव्हा रांगेरांगेने सदस्यांना उभं करून मोजलं, बाजूने ९९, विरोधात १०५. आकडा पक्का आहे. पण आकडा म्हणजे यादी नव्हे. अधिकृत कार्यवाहीत नावं छापलेली असतील तरच नावं भर. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली गैरहजरांची यादी बघून उरलेल्यांना होय-नाहीत वाटून टाकणं हे डेटाबेसचं काम नाही.

म्हणून ‘मत’ या रकान्याच्या आधी ‘मतदानाची पद्धत’ हा रकाना पाहिजे.

---

शहापूर_कोडवाला

बरं. पण एकमताने झालेले ठराव? कर्नाटक विधानसभेचा सीमाप्रश्नाचा ठराव डिसेंबर २०२२ मध्ये इथे बेळगावात एकमताने झाला. तिथे तर १८ जणांना ‘होय’ द्यायला हरकत नाही ना? विरोधच नव्हता.

---

सांबरा_रनवे

हरकत आहे की. तो ठराव २२ डिसेंबर २०२२ चा. त्या दिवशी जिल्ह्यात १८ आमदार नव्हतेच. हुक्केरीचे उमेश कत्ती सप्टेंबरमध्ये वारले होते, सौंदत्तीचे आनंद मामनी ऑक्टोबरमध्ये. सभागृहाची मुदत एक वर्षाच्या आत संपत असली की पोटनिवडणूक घ्यावी लागत नाही (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१ए), त्यामुळे दोन्ही जागा मे २०२३ पर्यंत रिकाम्या राहिल्या. म्हणजे १८ वेळा ‘होय’ लिहिलंस तर त्यातली दोन मतं मयत माणसांच्या नावावर जातात.

उरलेल्या १६ पैकी त्या क्षणी सभागृहात कोण होतं हे ‘एकमताने’ या शब्दातून कळत नाही. एकमत म्हणजे हजर असलेल्यांपैकी कोणी ‘नाही’ म्हटलं नाही. २७ डिसेंबरला नागपुरात महाराष्ट्राने ८६५ गावांचा ठराव केला, त्यालाही हाच नियम लाव. ठराव आपल्या बाजूचा म्हणून नावं भरायची आणि समोरच्याचा म्हणून गाळायची असं केलंस तर इथे पहिल्या दिवशीच लोक पकडतील.

---

खानापूर_घाटवाट

लोकसभेसाठी मात्र खरा डेटा मिळतो, थोडा पण खरा. तिथून सुरुवात कर म्हणजे पार्सर (कागदातून नावं-आकडे वेचणारा कोड) लिहायला काहीतरी हाताशी येईल.

पद्धत लोकसभेच्या नियम ३६७, ३६७ए, ३६७एए आणि ३६७बी मध्ये आहे. आधी आवाजी. निकालाला कोणी आव्हान दिलं की लॉबी (सभागृहालगतची जागा) मोकळी करायचा आदेश होतो, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मताला टाकतात, आणि तरीही आव्हान राहिलं तर मतविभाजन, म्हणजे होय-नाहीची मोजणी: यंत्राने, चिठ्ठ्यांनी किंवा लॉबीत जाऊन. यात एक चोरवाट आहे. मतविभाजन विनाकारण मागितलंय असं अध्यक्षांना वाटलं तर ते दोन्ही बाजूंना जागेवर उभं करून नुसतं मोजू शकतात, आणि त्या वेळी नावं नोंदवत नाहीत. म्हणजे मतविभाजन मागितलं गेलं, आकडाही आला, तरी यादी नाही, असंही होतं. ‘आकडा आहे म्हणजे नावं असतील’ असं कोडमध्ये कुठेही गृहीत धरू नको.

आणि मागितलं म्हणजे मिळालंच असंही नाही. शेती विधेयकांच्या वेळी २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत मतविभाजनाची मागणी होत असताना आवाजीनेच उरकलं. अशा वेळी ‘मागणी झाली’ आणि ‘झालं’ असे दोन वेगळे रकाने ठेव.

आता यादी जिथे असते तिथली गंमत. यंत्राने मत घेतलं की लगेच निकाल वाचतात, पण ‘दुरुस्तीच्या अधीन राहून’ असं म्हणून. कारण जुन्या यंत्रणेत मत सुरू करायची कळ आणि होय/नाही/तटस्थ यांपैकी एक बटण, दोन्ही एकाच वेळी दाबून दुसरी घंटा होईपर्यंत १० सेकंद धरून ठेवावं लागायचं. मध्येच बोट सुटलं की मत गेलं. मग तो सदस्य चिठ्ठी देतो. कोणाचं चुकीचं बटण दाबलं जातं, तोही चिठ्ठी देतो. छापील कार्यवाहीत यंत्राची यादी वर येते आणि तळटीपेत ‘खालील सदस्यांनीही चिठ्ठ्यांद्वारे मत नोंदवले / दुरुस्त केले’ अशी दुसरी यादी.

बहुतेक पार्सर इथेच आपटतात. समजा यंत्रावर होय ३००, नाही १२० आले. चिठ्ठ्यांनी ९ जणांनी ‘होय’ नोंदवलं, त्यातल्या २ जणांनी आधी चुकून ‘नाही’ दाबलं होतं. सरळ बेरीज केलीस तर ३०९ आणि १२०, एकूण ४२९. खरं उत्तर ३०९ आणि ११८, एकूण ४२७. तळटीपेतलं नाव नुसतं जोडायचं नाही, आधी वरच्या यादीत शोधायचं, सापडलं तर तिथून काढायचं, मग दुसरीकडे टाकायचं. आणि जाहीर आकडा व अंतिम आकडा दोन्ही जपून ठेवायचे. १७ डिसेंबर २०२४ ला १२९ व्या घटनादुरुस्ती (एक देश, एक निवडणूक) विधेयकाच्या मांडणीला बोर्डावर आधी २२०–१४९ झळकलं, आणि चिठ्ठ्या मोजल्यावर दोन्ही आकडे बरेच वर गेले. पहिला आकडा घेऊन बातम्या फिरल्या त्या फिरल्याच. तुझ्या पानावर दोन्ही दिसले तर वाचणाऱ्याला निदान फरक का आला ते कळेल.

पार्सर तपासायला तीन मतदानं घे.

एक, नागरिकत्व दुरुस्ती विधेयक, लोकसभा, डिसेंबर २०१९: जाहीर ३११ विरुद्ध ८०. लांब याद्या, दोन-तीन रकान्यांत नावं, पान उलटताना मध्ये घुसणारे पानक्रमांक आणि तारखेची ओळ, सगळ्यांची परीक्षा एकदम होते. आकड्यापुढे शून्य लावलेलं असू शकतं, ते गिळायची तयारी ठेव.

दोन, महिला आरक्षणाचं विधेयक, लोकसभा, २० सप्टेंबर २०२३: ४५४ विरुद्ध २. नव्या इमारतीतलं मतदान, चिठ्ठ्यांनी झालेलं. ‘नाही’च्या यादीत बरोबर दोन नावं आली पाहिजेत, असदुद्दीन ओवैसी आणि इम्तियाज जलील. तिसरं काही आलं तर पार्सरने शीर्षक नाव म्हणून उचललंय.

तीन, तेच विधेयक राज्यसभेत, २१ सप्टेंबर २०२३: २१४ विरुद्ध शून्य. रिकाम्या यादीवर कोड कोसळतो की नाही ते इथे कळतं. माझ्या मते हीच सगळ्यात उपयोगी चाचणी, आणि हीच कोणी लिहीत नाही.

पीडीएफसाठी: मजकूर नुसता ओढून काढलास तर शेजारच्या रकान्यातली नावं एका ओळीत चिकटतात. ‘पीडीएफप्लंबर’ या पायथन लायब्ररीने प्रत्येक शब्दाचे एक्स-वाय (पानावरची जागा) घे, एक्सवरून रकाने पाड, मग वरून खाली वाच. आडनाव आधी, स्वल्पविराम, मग श्री/श्रीमती/डॉ. आणि नाव अशी रचना असेल तर लांब नाव दुसऱ्या ओळीवर सांडतं. ज्या ओळीत स्वल्पविराम नाही ती मागच्या ओळीला जोड. बाकी संसदेची साइट जावास्क्रिप्टवर चालते, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये आतली जेसन उत्तरं दिसतात. सदस्यांची यादी ओढायला ती सोयीची, पण तो जाहीर केलेला एपीआय नाही, न सांगता पत्ता बदलतो. प्रत्येक उत्तर फाइल म्हणून साठव, दोन विनंत्यांत पाचेक सेकंद सोड, आणि रोज रात्री सगळं पुन्हा ओढू नको.

कार्यवाहीच्या आधी असंपादित आणि नंतर सुधारित अशा दोन आवृत्त्या येतात. फाइलचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा ठसा) आणि उतरवल्याची तारीख ठेवली नाहीस तर सहा महिन्यांनी आकडा का बदलला ते तुलाच सांगता येणार नाही.

---

निपाणी_तंबाखू

कन्नड कचऱ्याबद्दल. तो कचरा नाही, नुडी किंवा बरहा या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा जुना फाँट आहे. अक्षर कन्नड दिसतं पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर साठवलेलं असतं. मराठीत जुन्या डीटीपीच्या फायली उघडल्यावर जे होतं तेच.

आधी ‘पीडीएफफॉन्ट्स’ (पीडीएफमधले फाँट दाखवणारा आदेश) चालव. फाँटच्या नावात नुडी किंवा बीआरएच (बरहाची खूण) दिसलं तर जुना फाँट. शेवटाकडे युनिकोड नकाशा आहे की नाही हे सांगणारा रकाना असतो, त्यात ‘आहे’ आलं म्हणून खूश होऊ नको, तो नकाशाही इंग्रजी अक्षरांचाच असतो. फाँटचं नावच नाही आणि नुसतं चित्र आहे, म्हणजे स्कॅन.

जुना फाँट असेल तर ओसीआर (चित्रावरून अक्षरं ओळखणं) करू नको. नुडी ते युनिकोड रूपांतर करणारे मुक्त कोड आहेत, ते वापर, ओसीआरपेक्षा कितीतरी स्वच्छ निघतं. फक्त रफार तपास. कन्नडमध्ये रफार अक्षराच्या नंतर लिहितात, जुन्या फाँटमध्ये साठवतातही तसाच, युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ आधी यावा लागतो. ‘कर्नाटक’ हा शब्द प्रत्येक पानावर असतोच, तो नीट आला तर रूपांतर बरोबर.

स्कॅन असेल तर ३०० डीपीआयला करड्या रंगात चित्र काढ, रकाने आधी कापून वेगळे कर, मग टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला कन्नड भाषा देऊन एक-एक तुकडा एकसंध मजकूर म्हणून वाचायला लाव. अख्खं पान दिलंस तर रकाने मिसळतात. आकड्यांकडे डोळ्यांनी बघ: कन्नडमधलं शून्य आणि अनुस्वार दोन्ही गोलच, टेसरॅक्ट एकाच्या जागी दुसरं बिनधास्त टाकतं. मतांच्या आकड्यात अनुस्वार सापडला तर तो शून्य आहे.

आता मराठीत आणायचं. कन्नड आणि देवनागरीचे युनिकोड तक्ते समांतर आहेत, कन्नड अक्षराच्या कोडातून हेक्स ३८० (दशमानात ८९६) वजा केलं की देवनागरी अक्षर मिळतं. ळ सुद्धा बरोबर ळ वर पडतो. पण आधी एनएफसी (युनिकोडचे सुटे तुकडे एकत्र करणं) करून घे, नाहीतर ‘ओ’ची मात्रा दोन-तीन तुकड्यांत साठवलेली असते आणि देवनागरीत त्यातला एखादा तुकडा भलत्याच चिन्हावर जातो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए-ओ वेगळे आहेत, वजाबाकीनंतर ते ऎ आणि ऒ होतात, मात्राही तशाच. मराठीत ते कोणी लिहीत नाही, सगळे ए आणि ओ करून टाक.

तरीही शेवट हाताने करावा लागतो. ‘जारकिहॊळि’ येतं, त्याचं ‘जारकिहोळि’ होतं, पण मराठी वाचक ‘जारकीहोळी’ वाचतो. शेवटचा ऱ्हस्व इकार दीर्घ करायचा नियम बऱ्याच आडनावांना चालतो, पण मधला ‘कि’ कुठल्या नियमाने ‘की’ होणार? २२४ नावांचा तक्ता एकदा बसून कर. एका संध्याकाळचं काम आहे, त्याला मशीन लर्निंग लावू नका कृपा करून.

---

अनगोळ_हिशेबनीस

टेबलाबद्दल बोलतो. ‘सदस्य’ हा एकच रकाना ठेवलास तर आपल्या जिल्ह्यातच तो फुटेल.

गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी, कागवाडचे श्रीमंत पाटील, तिघेही २०१८ मध्ये काँग्रेसकडून आले, जुलै २०१९ मध्ये अपात्र ठरले, ५ डिसेंबर २०१९ च्या पोटनिवडणुकीत भाजपकडून पुन्हा आले. माणूस तोच, मतदारसंघ तोच, पक्ष वेगळा, मध्ये साडेचार महिने जागा रिकामी. सदस्याच्या ओळीत पक्ष लिहिलास तर जुनी मतं नव्या पक्षाच्या नावावर दिसतील. म्हणून व्यक्ती वेगळी, सदस्यत्व वेगळं. सदस्यत्वाला सभागृह, मतदारसंघ, पक्ष, सुरुवात आणि शेवट. मत सदस्यत्वाला जोड, व्यक्तीला नको.

आडनावावरून जुळवणी तर विसरच. गोकाक, अरभावी आणि यमकनमर्डी, तीन शेजारचे मतदारसंघ, तीन जारकीहोळी: रमेश, बालचंद्र, सतीश, एकाच सभागृहात एकाच वेळी. २०२४ पासून चिकोडीच्या खासदारही जारकीहोळीच, प्रियांका. त्याआधी चिकोडीला अण्णासाहेब जोल्ले आणि निपाणीला शशिकला जोल्ले. जुळवणी करायची ती मतदारसंघाचा क्रमांक आणि तारखेवर. निवडणूक आयोगाचे क्रमांक आपल्याकडे सोपे आहेत, १ निपाणी, १८ रामदुर्ग, बेळगाव उत्तर ११, दक्षिण १२, ग्रामीण १३, खानापूर १४. पण हे २००८ च्या पुनर्रचनेनंतरचे. त्याआधी उचगाव, बागेवाडी, संकेश्वर, परसगड असे मतदारसंघ होते, त्यांना आजचे क्रमांक चिकटवू नको. नावंही बदलतात, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदात बेळगावी, मतदारसंघाच्या यादीत मात्र जुनंच स्पेलिंग.

‘गैरहजर’ हा शब्द काढून टाक. यादीत नाव नाही याची निदान चार कारणं असतात. जागा रिकामी: बेळगावची लोकसभेची जागा सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला गेल्यापासून २ मे २०२१ च्या निकालापर्यंत रिकामी होती, २०२१ चं अख्खं अर्थसंकल्पी अधिवेशन त्यात गेलं. पीठावर असणं: अध्यक्ष मत देत नाहीत, समसमान झाली तरच निर्णायक मत देतात (घटनेचं राज्यात कलम १८९, संसदेत कलम १००). विश्वेश्वर हेगडे कागेरी २०१९ ते २०२३ विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यांची त्या काळातली रिकामी पाटी बघून खानापूरच्या मतदाराला वाटायला नको की आपले आजचे खासदार तेव्हा चार वर्षं झोपले होते. तिसरं, सभागृहात बसून मत न देणं. चौथं, खरोखर नसणं. यादीवरून तिसरं आणि चौथं वेगळं करता येत नाही, म्हणून दोन्हींना ‘मत नोंदलेलं नाही’ एवढंच म्हण.

हजेरीपटाची जोड देऊन ते वेगळं काढता येईल असं कोणीतरी सुचवेलच. नको. पीआरएस (विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था) वगैरे जी हजेरी दाखवतात ती दिवसाची सही असते, त्या मिनिटाची नाही. आणि मंत्री सहीच करत नाहीत. अंगडी रेल्वे राज्यमंत्री होते, त्यांची हजेरी शून्य धरणार का?

विधान परिषद घेणार असशील तर एक धोंडा आधीच दाखवून ठेवतो: बेळगाव स्थानिक संस्था मतदारसंघातून दोन आमदार असतात. ‘एका तारखेला एका मतदारसंघाचा एकच सदस्य’ अशी अट घातलीस की दुसरा आत जाणार नाही.

रकान्यांची नावं स्वतः शोधून काढू नको. पोपोलो नावाचा खुला आराखडा आहे, त्यात व्यक्ती, संस्था, सदस्यत्व, प्रस्ताव, मतदान-प्रसंग, मोजणी, मत असे भाग आधीच पाडलेत. एका विधेयकावर अनेक प्रस्ताव असतात, प्रत्येक दुरुस्तीवर वेगळं मतविभाजन होऊ शकतं, त्यामुळे मत विधेयकाला नाही, प्रस्तावाला लागतं. दुरुस्तीला ‘नाही’ म्हणणारा विधेयकाच्या बाजूचा असू शकतो, हे विसरलास तर अर्धं पान उलटं दिसेल.

---

हुक्केरी_अर्जवाला

कागद मिळवायचा आणि कॉपीराइटचा भाग.

माहिती अधिकारात ‘अमुक आमदाराने काय मत दिलं’ असा प्रश्न विचारू नका, कागद मागा: ‘अमुक तारखेच्या अमुक प्रस्तावावर मतविभाजन झाले असल्यास त्याच्या नावनिहाय यादीची प्रत; झाले नसल्यास त्या दिवशीच्या कार्यवाहीतील संबंधित पानांची प्रत.’ दुसरा अर्धा भाग फार महत्त्वाचा. तो नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं आणि मत आवाजी होतं की यादी हरवली ते कळत नाही. कलम २(जे) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येतं आणि कलम ७(९) प्रमाणे शक्यतो मागितलेल्या स्वरूपातच द्यावं लागतं. एक्सेल मागून बघायला काय जातं?

विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हींची सचिवालयं वेगळी, माहिती अधिकारी वेगळे, दोन्ही बेंगळुरूच्या विधानसौधमध्ये. हिरेबागेवाडीच्या रस्त्याला सुवर्णसौध दिसतं म्हणून तिथे अर्ज टाकायला जाऊ नका. अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, कर्नाटकच्या नियमात तशी मर्यादा आहे. फी साधारण १० रुपये, पण विधिमंडळात नियम करायचा अधिकार अध्यक्ष-सभापतींना आहे (कलम २८), म्हणून पोस्टल ऑर्डर काढायच्या आधी त्या सचिवालयाचे नियम वाचा. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, नंतर ९० दिवसांत दुसरं.

भाषेचं: कलम ६(१) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राची राजभाषा, एवढंच आहे. मराठीतला अर्ज परत आला तर त्यावर भांडण्यात दोन महिने जातील. तो लढा वेगळा लढा, यादी हवी असेल तर इंग्रजीत लिहा.

नकार आला तर बहुधा कलम ८(१)(सी), विशेषाधिकार भंग. सभागृहात उघडपणे झालेल्या आणि कार्यवाहीत छापल्या जाणाऱ्या मतदानाला ते लागू होत नाही, असं अपिलात लिहा.

कॉपीराइट: विधिमंडळाने प्रसिद्ध केलेलं काम कायद्यात (१९५७) ‘शासकीय काम’ धरलं जातं, कलम २(के). राजपत्रातल्या मजकुराला आणि पटलावर ठेवलेल्या समिती अहवालाला कलम ५२(१)(क्यू) मध्ये मोकळीक आहे, चर्चेच्या खंडांचं नाव तिथे नाही. पण अमुकने होय म्हटलं ही नुसती वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कोणाचा हक्क नसतो. तुमच्या साइटवर मत, तारीख, खंडाचा पानक्रमांक आणि मूळ फाइलचा दुवा ठेवा, अख्खी पीडीएफ चढवू नका. मूळ दुवे मरतात, म्हणून उतरवल्या दिवशीच वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर) प्रत टाकून तोही दुवा नोंदवा. २०१७ चा केंद्राचा खुला डेटा परवाना त्या परवान्याखाली दिलेल्या डेटालाच लागतो, सगळ्या सरकारी साइटींना नाही, तो शिक्का उगाच मारू नका.

---

शहापूर_कोडवाला

सगळ्यांना धन्यवाद, टेबल पुसून नव्याने मांडलं. मतदान-प्रसंगात ‘पद्धत’ आली (आवाजी, एकमत, उभं राहून मोजणी, शिरगणती, यंत्र, चिठ्ठी, लॉबी), ‘नावं उपलब्ध’ हो/नाही, जाहीर आकडा, अंतिम आकडा, मूळ फाइल, हॅश. पानावर आवाजी मतदानाच्या ठिकाणी करडा चौकोन आणि ‘नावनिहाय नोंद नाही’. पहिली आवृत्ती तीन खासदारांचीच, आमदारांसाठी फक्त प्रसंगांची यादी.

भीती एकच आहे. उद्या कोणी मदतीला आला आणि त्याने आवाजी ठरावाला १८ ओळी भरल्या तर? साइटच्या कोडमध्ये तपास टाकलाय, पण थेट डेटाबेसमध्ये कोणी सीएसव्ही ओतली तर तो तपास चालत नाही.

---

अनगोळ_हिशेबनीस

तपास डेटाबेसमध्येच बसव, ट्रिगर (आपोआप चालणारा कोड) पण लागत नाही. प्रसंगाच्या टेबलात (क्रमांक, नावं उपलब्ध) या जोडीवर युनिक (जोडी पुन्हा येणार नाही अशी अट) ठेव. मतांच्या टेबलात ‘नावं उपलब्ध’ हाच रकाना पुन्हा घे, रिकामा चालणार नाही असा, डिफॉल्ट ट्रू, आणि तो ट्रूच असला पाहिजे अशी चेक अट. मग दोन्ही रकान्यांची मिळून फॉरेन की (तशी जोडी प्रसंगाच्या टेबलात असलीच पाहिजे ही अट) त्या जोडीवर लाव. आवाजी प्रसंगाची जोडी (क्रमांक, फॉल्स) असते, मताची ओळ (क्रमांक, ट्रू) शोधते, सापडत नाही, ओळ नाकारली जाते. कोणी मागाहून प्रसंगाचं ट्रू बदलून फॉल्स करायला गेला तर तेही अडतं, कारण खाली मतं लटकलेली असतात.

---

सांबरा_रनवे

चांगलं जमलंय. तारखेचा रकाना एकच दिसतोय, दोन कर: बैठकीची तारीख आणि मतदानाची घड्याळाची वेळ. वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत २ एप्रिल २०२५ च्या बैठकीत २८८–२३२ ने संमत झालं, पण मतदान मध्यरात्रीनंतर, म्हणजे ३ एप्रिलला. राज्यसभेत तसंच, बैठक ३ ची, मतदान ४ ला, १२८–९५. कार्यवाहीचा खंड बैठकीच्या तारखेने शोधायचा, बातम्या दुसरी तारीख लिहितात. आणि सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर वेळ साडेपाच तास मागे जाऊन तारीख योगायोगाने बैठकीचीच दिसते, म्हणून चाचणीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. वेळ भारतीय प्रमाणवेळेतच दाखव, बैठकीची तारीख हाताने भर.